बाबा पहाऱ्यावर आहेत

६ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

सप्रेम चिमटा. दाताच्या डॉक्टरकडून याहून गोड काही मिळत नसतं.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तुझा दादा शेजारी येऊन बसतो आणि माझी वाक्यं पुरी करतो. तीही चुकीची. पत्रात त्याला तोंड घालता येत नाही. शिवाय दवाखाना खाली आणि घर वर असल्याने एका पेशंटच्या तोंडातला मसाला सुकेपर्यंत मला चार ओळी लिहायला निवांतपणा मिळतो. तेव्हा कागदावर गुलाबी डाग दिसला तर घाबरू नकोस. रक्त नाही ते, कवळीचं माप घ्यायचा मसाला आहे.

मुख्य बातमी म्हणजे बंदूक आली. पाल दिसली की स्टुलावर चढणारा तुझा भाऊ आता परवानाधारक शस्त्रधारी आहे. गल्लीत घरफोड्या झाल्यापासून त्याची झोप उडालीच होती. चोरांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याचं मशीन नेलं, आमच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर नेला, आणि तुझ्या दादाला स्वप्नात त्याच्या दुकानातल्या सगळ्या टाइल्स पाय फुटून चालत जाताना दिसायला लागल्या. त्यात तू त्याला सल्ला दिलास की पिस्तूल नको, दुनळी घे, बाबांना ती येते. झालं. बहिणीचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बाबांचं मात्र तुला सांगायलाच हवं. उभी नोकरी त्यांनी बँकेच्या दारात दुनळी घेऊन काढली, हे मला तुझ्याकडून आणि दादाकडून इतक्यांदा ऐकून पाठ झालंय. पण प्रत्यक्ष बघितलं ते परवा. खोकं उघडल्यावर ते खुर्चीचा हात न धरता उठले. बंदूक उघडली, नळ्यांतून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "तेल घातलंय की ओतलंय?" त्या दिवशी पोटभर जेवले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि मग खालचा दवाखाना आठवला. खाली माणसं तोंड उघडून झोपलेली असतात आणि वर कपाटात दुनळी.

नवा नियम येतोय तो वाचला असशीलच. बंदूक घरात ठेवायची तर लोखंडी कपाट भिंतीला पक्कं बसवलेलं हवं, काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत, दर वर्षी तपासणी, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला. मी या नियमाच्या बाजूने सही करणार आहे. आधीच सांगून ठेवते, मग रुसायचं नाही.

तुझी,
वहिनी

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

चिमटा पोचला. अजून दुखतोय.

नेमबाजीच्या रेंजवरच्या ऑफिसात बसून लिहितेय. बाहेर नवशिक्यांचा वर्ग आहे आणि माझ्या कानांवर आवाज रोखणारी जाड बोंडं चढवलेली आहेत, त्यामुळे जगातलं काहीही ऐकू येत नाही. तुझ्या मते हे नेहमीचंच.

तू त्या बाजूने सही कर, मी या बाजूने केलीय. आमच्या क्लबने नियमाविरुद्ध सह्या गोळा करायला घेतल्यात आणि सगळ्यात वर माझी आहे, ठळक. कपाटाला आणि कुलपाला माझा विरोध नाही, बरं का. ते न करणाऱ्या शिष्यांचे मी स्वतः कान उपटते. पण घरातल्या प्रत्येकाचा दाखला? उद्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचाही आणायला सांगतील. चोर काही परवाना काढायला रांगेत उभा राहत नाही. रांगेत उभा राहतो तो आपला दादा, आणि सगळे नियम त्याच्याच डोक्यावर. माझ्या घरात कोण शहाणं आणि कोण वेडं हे सरकारने का ठरवावं? आपल्या घरात तर ते आपल्यालाच अजून ठरवता आलेलं नाही.

दुनळी घ्या म्हटलं ते उगाच नाही. पिस्तुलाने दादाने आधी स्वतःचा अंगठा उडवला असता. दुनळी बाबांच्या हातांना ओळखते. मला त्यांनी लहानपणी केरसुणी हातात देऊन शिकवलं होतं. कायम भरलेली आहे असं समजून धरायची, तोंड माणसाकडे करायचं नाही, ठरवल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. अजूनही मी केर काढताना केरसुणी कोणाकडे रोखत नाही. तू हसत असशील, हस.

बंदूक पुसायचं काम बाबांना देऊन टाका. आठवड्यातून एकदा. हाताला काम असलं की माणूस ताजा राहतो. नुसतं खुर्चीत बसवून तुम्ही त्यांना म्हातारं कराल.

तुझी (विरोधी पक्षातली),
ठिणगी

३ मार्च

प्रिय विरोधी पक्षनेत्या,

मी सही केली. पेनातली शाई संपत आली होती म्हणून दोनदा गिरवली, म्हणजे माझीही ठळकच.

तुझा सल्ला अमलात आलाय. दर शनिवारी सकाळी बाबा बंदूक पुसतात आणि तुझा दादा समोर स्टुलावर बसून राखण करतो. कोणाची, ते विचारू नकोस. कपाट भिंतीला बसवलं का, हेही विचारू नकोस. टाइल्सच्या दुकानाचा मालक, भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की "टाइल तडकेल" म्हणून आठवडा पुढे ढकलतो. मग सगळी भिस्त किल्लीवर. किल्ली आधी पुस्तकांमागे लपवली. बाबा रोज सकाळी घरभर फेरी मारतात, ती त्यांना सापडली. त्यांनी ती चहाच्या बशीत ठेवून दादापुढे आणली. "साहेब, किल्ली उघड्यावर मिळाली. जबाबदार माणसाचं काम नाही हे." मग ती बुटात गेली. सापडली. मग बटणांच्या डब्यात. तीही सापडली, वर डब्यातली बटणं रंगानुसार लावून मिळाली. आता दादा किल्ली चोरापासून लपवतो की वडिलांपासून, ते त्याचं त्यालाच कळेनासं झालंय.

दुसरी गंमत म्हणजे बाबांनी दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकलीय. जुना खाकी कोट घालून बसतात आणि येणाऱ्यांच्या पिशव्या तपासतात. परवा एका निवृत्त शिक्षिकेच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली कवळी निघाली.

"बाई, हे काय आहे?"

"माझे दात."

"कुठून आणलेत?"

ती बिचारी इतकी हसली की मला माप घेता येईना. पेशंट खूश आहेत. म्हणतात, इथे आल्यावर निम्मी भीती दारातच जाते.

मला ते हल्ली मॅनेजरबाई म्हणतात. "मॅनेजरबाई, तिजोरी बंद केलीत?" मी म्हणते, केली. नाही म्हटलं तर जेवत नाहीत.

तुला एक विचारायचं होतं. नाही, जाऊ दे. खुर्चीवरचा माणूस तोंड उघडं ठेवून दमलाय.

वहिनी

११ मार्च

मॅनेजरबाई,

बढतीबद्दल अभिनंदन! तुझं पत्र मी वर्गापुढे उभी राहून वाचलं आणि अशी हसले की एका मुलीचा नेम चुकून शेजारणीच्या कागदावर गेला. तिला तिथे दहा गुण मिळाले, तेव्हा तक्रार कोणाचीच नाही.

बघ, म्हटलं नव्हतं मी? हाताला काम दिलं आणि बाबा पुन्हा मजा करायला लागले. लहानपणी असंच करायचे. मी शाळेतून आले की दारात अडवून "दप्तर तपासायचंय" म्हणायचे आणि आतली खडी, पिसं, चिंचोके सगळं जप्त करायचे. आई ओरडायची, पोरीला आत तर येऊ द्या. तेच चाललंय की आता. तुम्ही लोक उगाच त्यांना म्हातारं म्हणता.

आता माझी बातमी. नियमावर लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला एप्रिलच्या मध्यावर मोठी सुनावणी आहे आणि क्लबतर्फे बोलायला मला उभं केलंय. मी काय बोलणार ते ऐक. माझ्याकडे एक नर्स शिकायला येते. वस्तीच्या टोकाला राहते, आडवेळी एकटी घरी परतते. घरात आजारी आई आहे. आईला तब्येतीचा दाखला मिळणार नाही, म्हणजे हिला बंदूक ठेवता येणार नाही. मग हिने दारात उभं राहून चोरांना काय सुई टोचायची? हे एक. आणि दुसरं उदाहरण बाबांचं. उभा जन्म भरलेली बंदूक हातात होती आणि माणसावर एकदाही चालवावी लागली नाही. कोणत्या नियमामुळे? कुठल्याच नाही. माणूस तसा होता म्हणून. मी म्हणणार आहे की माझे वडील आजही घरी तशीच दुनळी पुसतात, या आणि बघा.

कसं वाटतंय? टाळ्या पडतील की नाही?

ठिणगी

१९ मार्च

प्रिय ठिणगी,

नर्सची गोष्ट खरी आहे. तिला काय सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी दोन दिवस विचार केला, तरी नाही. ते तू बोल, जोरात बोल.

बाबांचं उदाहरण मात्र देऊ नकोस. कृपा कर. कारण विचारू नकोस, समज की तुझ्या वहिनीचा हट्ट आहे. लग्न होऊन आल्यापासून मी तुझ्याकडे फारसे हट्ट केलेले नाहीत.

आणि सुनावणीच्या आधी इकडे यायचं मनात असेल तर सध्या येऊ नकोस. घराला रंग द्यायला काढलाय, वासाने डोकं उठतं. झालं की मीच बोलावते.

कपाटासाठी गवंडी पुढच्या आठवड्यात नक्की येतोय. तुझ्या दादाने त्याला स्वतः फोन केला. माझ्यासमोर केला.

वहिनी

२५ मार्च

वहिनी,

रंग? घराला रंग गेल्याच वर्षी दिला. मी निवडला होता आणि तू त्याला काविळीचा पिवळा म्हणाली होतीस. इतक्यात उडाला?

मी काही कुक्कुलं बाळ नाही. काय झालंय ते मला कळलंय. तू बाबांनाच फितवलंस. त्यांची सही घेतलीस ना नियमाच्या बाजूने? रोज जेवायला वाढणाऱ्या माणसाचं कोण ऐकत नाही! आणि मी मोठ्या तोंडाने त्यांचं उदाहरण दिलं असतं तर समोरच्यांनी त्यांची सही काढून दाखवली असती. एवढ्यासाठी मला घरी येऊ नको म्हणतेस? वाद कागदावर चालला होता तोवर मजा होती. बाबांना मध्ये आणायला नको होतंस. मला राग आलाय, आणि तो लिहूनही जात नाहीये.

शनिवारी येतेय. हे पत्र पोचायच्या आत बहुतेक मीच पोचेन. बाबांना तोंडावर विचारते.

ठिणगी

२ एप्रिल

प्रिय ठिणगी,

तुझं पंचवीस तारखेचं पत्र आज आलं, तू येऊन गेल्यावर. बाबांना मी फितवलं हे वाचून आधी हसले. मग दवाखान्याचं शटर ओढलं आणि रडले. बाहेर दाढ दुखणारी दोन माणसं थांबली होती, थांबू दे म्हटलं.

तू बंदूक घेऊन तशीच परत गेलीस. जेवली नाहीस, भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. म्हणून आता मीच सगळं लिहिते.

बाबांचं गेल्या हिवाळ्यापासून सुरू झालं. आधी किराणा आणायला गेले आणि बँकेच्या जुन्या इमारतीच्या दारात उभे राहिले. तिथे आता चपलांचं दुकान आहे. मालकाने फोन केला. मग नावं जायला लागली, मग दिवस. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, वाढत जाणार. दादा म्हणाला, ठिणगीला कळवायचं नाही, ती रेंज सोडून धावत येईल आणि बाबांच्या लेकीचं करिअर बाबांमुळेच बुडेल. मी हो म्हटलं. खरं सांगू? मला तुझी भीती वाटली. तू म्हणशील की सुनेने नीट बघितलं नाही. मॅनेजरबाई ही काही थट्टा नव्हती गं. मी कोण आहे हे त्यांना कळत नाही. पगार देणारी कोणीतरी बाई, एवढं कळतं.

आणि हे सगळं माहीत असून आम्ही दुनळी घरात आणली, कारण ती हातात घेतली की ते पुन्हा पहिल्यासारखे दिसायचे. दादाला त्याचे बाबा तेवढा वेळ परत मिळायचे. त्याला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

शनिवारी काय झालं ते तू समोरून बघितलंस, मी मागून. पुसून झालं, दुकानातून फोन आला म्हणून दादा कपाट बंद करून पळाला. किल्ली कुठे लपवली होती, माहीत आहे? बाबांच्या खाकी कोटाच्या आतल्या खिशात. त्याचं म्हणणं, बाबा सगळ्या जगाच्या पिशव्या तपासतात, स्वतःचा खिसा कधी तपासत नाहीत. या माणसाला मी नवरा म्हणते. काडतुसं टाइलच्या नमुन्यांच्या पेटीत असतात, हे तर बाबांना पहिल्यापासून माहीत होतं.

माझ्या चिमट्यात एका माणसाची दाढ होती, अर्धी निघालेली. काचेतून दिसलं की बाबा दारात उभे आहेत आणि छातीशी दुनळी. पायरीखाली तू, हातात बॅग. "थांबा. ओळख सांगा." तू हसत म्हणालीस, "बाबा, मी." नळ्या वर आल्या. तुझं हसू गेलं ते मी बघितलं, आणि तुला सगळं कळलं तेही बघितलं. मला दार उघडायचं होतं, पण पाठीमागे आवाज झाला तर ते वळतील, आणि चापावर बोट आहे की नाही ते मला दिसत नव्हतं. मी चिमटा धरून तशीच उभी. पेशंट म्हणाला, "आं?" मी म्हटलं, हलू नका. तो बिचारा अजून समजतोय की ते त्याच्या दाढेबद्दल होतं.

मग तू बॅग खाली ठेवलीस, टाचा जुळवल्यास आणि काहीतरी म्हणालीस. बाबांनी नळ्या जमिनीकडे केल्या, बंदूक उघडली, काडतुसं काढून तुझ्या हातावर ठेवली. दोन. तोवर मला वेडी आशा होती की रिकामीच असेल. नळ्यांतून बघितलं, तुला दाखवलं, बंदूक तुझ्या हातात दिली आणि सलाम केला. आणि पायरी चढून आत येऊन मला म्हणाले, मॅनेजरबाई, चहा मिळेल का?

दादा आल्यावर त्याला सांगितलं. तो पायरीवर बसला तो अंधार पडेपर्यंत उठला नाही. त्याने परवाना परत करायचा अर्ज केलाय. दाराला जाड अडसर आणि खिडक्यांना गज बसवून घेतले. भिंतीला भोकं पाडली, टाइल तडकली, तरी गवंड्याला थांबवलं नाही.

एक विचारते. पायरीवर काय बोललात? मी तेव्हा विचारलं तर म्हणालीस, "काही नाही, ड्यूटी बदलली." ठिणगी, बाबा त्याहून बरंच बोलत होते. त्यांचा चेहरा मला एका बाजूने दिसत होता, ओठ हलत होते. ओठ बघण्यात माझी उमर चाललीय.

तुझी,
वहिनी

२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण सुरुवात सापडत नव्हती. अजूनही सापडलेली नाही, तशीच लिहिते.

तू नीट बघितलं नाहीस असं मी म्हणेन, हे तुझ्या डोक्यात आलं तरी कसं? तू त्यांना जेवायला घालण्यासाठी रोज तिजोरी बंद करत होतीस. मला तुम्ही दोघांनी सांगितलं नाहीत याचा राग आहे, तो राहणार. पण तुझ्या पत्रांत सगळं लिहिलेलं होतं. किल्ली, पिशव्या, मॅनेजरबाई. मी ते वर्गाला वाचून दाखवून हसले. कानांवर बोंडं होती ना.

दुनळी क्लबच्या कोठीत कुलपात आहे. मी तिला हात लावत नाही.

सुनावणी झाली. नर्सचं बोलले, जोरात बोलले. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि टाळ्या पडल्या. तपासणीला येणाऱ्यांनी आधी कळवून यावं, तेही बोलले. मग बाबांचं उदाहरण दिलं. तू नको म्हणाली होतीस, तरी दिलं, पण सगळं दिलं. माझे वडील कसे होते ते आणि आता कसे आहेत ते. त्यांच्या हातातून मी भरलेली बंदूक कशी घेतली ते. म्हटलं, घरातल्या माणसांच्या दाखल्याचं कलम आमच्या क्लबला नको होतं, आणि ते असतं तर त्या शनिवारी माझ्यावर नळ्या रोखल्या गेल्या नसत्या. ते ठेवा. आणि नर्ससारख्यांनी काय करायचं, हे ठरवल्याशिवाय इथून उठू नका. टाळ्या पडल्या नाहीत. क्लबच्या खजिनदाराने परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या घरी कोण कोण आहे ते मला सांगितलं, पण ते मी लिहीत नाही, त्याचं घर आहे.

मी नेमबाजी सोडलेली नाही. सोडणारही नाही. तुझ्याशी वादही चालू ठेवणार आहे, पण थोडे दिवस थांब, सध्या माझी बाजू कोणती ते मलाच बघावं लागेल.

आता पायरीवरचं. तुला खोटं सांगितलं होतं.

लहानपणी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन बँकेत जायचे. पहारा बदलायची वेळ असायची. खांबाला टेकून मी ते रोज बघायचे. त्यामुळे बाबा म्हणून हाक मारून उपयोग नाही हे कळल्यावर तेच तोंडातून निघालं. "पहारा बदलला. हत्यार ताब्यात द्या." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "नवीन दिसता. उशीर का केलात?" मी म्हटलं, गाडी चुकली. म्हणाले, "पहारेकऱ्याची गाडी चुकत नसते." वहिनी, समोर दोन नळ्या आणि मी बोलणी खातेय, मला हसू येणार होतं. त्यांनी काडतुसं काढली, नळ्या दाखवल्या, बंदूक दिली. सगळं बिनचूक. माझा एकही शिष्य इतकं नीट करत नाही.

जाणारा येणाऱ्याला सूचना देऊन जातो, ती रीतच आहे. त्यांनी मला सूचना दिल्या. म्हणाले, बाजूचं दार घट्ट बसतं, ढकलून बघत जा. म्हणाले, "आत मॅनेजरबाई असतात. दिवसभर उभ्या असतात. चांगली बाई आहे. मध्येच त्यांना चहा विचारत जा, त्या स्वतः मागत नाहीत." हे तुझं आहे, तुला द्यायचं राहिलं होतं.

मग आत जायला वळले आणि परत आले. हळू आवाजात म्हणाले, "आणि एक मुलगी येईल. माझी आहे. बाहेरगावी असते, कधी येईल सांगता येत नाही. तिला अडवायचं नाही. पिशवी तपासायची नाही. सरळ आत सोडायचं."

मी म्हटलं, "ओळखायची कशी?"

म्हणाले, "कळेल तुम्हाला. हसत येते."

शनिवारी येतेय. हसतच येईन, बघू सोडतात का.

ठिणगी